बामणोली ते तापोळा लाँचने सायकली नेता येतात का? मदत हवी आहे

नोव्हेंबरात, शनिवार-रविवार टाळून, चौघांचा बेत आहे: सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली. तिथून लाँचने शिवसागर जलाशयातून तापोळा, मग चढून महाबळेश्वरला मुक्काम. परतताना केळघर घाट, मेढा, सातारा. वाई-पाचगणी रस्ता गाड्यांमुळे नकोच. कासची गर्दी फुलांबरोबर ओसरलेली असेल. वासोटा किल्ला करायचा नाही, म्हणजे तिथे जायला लागणाऱ्या परवान्याचा प्रश्न नाही.

सायकली रोडच्या, टायर 28 मिमी, गिअरचे दाते पुढे 50/34, मागे 11-32. तापोळ्याहून वर जवळपास 700 मीटर चढ आहे. तो 34-32 या सर्वांत हलक्या गिअरवर निघेल, पण सुटी खडी असली की उभं राहून पॅडल मारताना मागचं चाक जागेवरच फिरतं, आणि सॅटेलाइट नकाशात खडी दिसत नाही. लाँचबद्दल फोनवर विचारलं तर ‘या, बघू’ एवढंच उत्तर. पुढची चाकं काढायची, ब्रेक पॅड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये स्पेसर घालायची तयारी आहे. फक्त सायकली एकावर एक रचल्या की रोटर (डिस्क ब्रेकच्या चकत्या) वाकतात, ते नको.

अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा: चार सायकली इतर प्रवाशांसोबत घेतात, की अख्खी लाँच ठरवावी लागते? आणि तापोळा-महाबळेश्वर रस्ता नेमका कुठे उखडलाय?