घन बहुपदीचे अवयव आणि आलेख: बाकी शून्य का येत नाही?

प्रश्न
य = क्ष³ − ३क्ष² + ४ हिचे अवयव पाडून कच्चा आलेख काढायचा आहे. क्ष = −१ घातलं की किंमत शून्य येते, म्हणजे (क्ष + १) हा अवयव असायलाच हवा. पण संश्लेषक भागाकारात १, −३, ४ मांडले की बाकी ८ उरते. चूक कुठे होते आहे? आणि अवयव मिळाल्यावर आलेखाची वळणं कुठे घ्यायची?

उत्तर १
क्षचं पद दिसत नाही म्हणून तुम्ही त्याची जागाच गाळलीत. घन बहुपदीला चार सहगुणक लागतात: १, −३, ०, ४. तीनच मांडले तर भागाकार क्ष² − ३क्ष + ४ चा होतो, आणि क्ष = −१ ला तिची किंमत ८ च आहे.
आता −१ ने भागा: १ तसाच खाली; −३ − १ = −४; ० + ४ = ४; ४ − ४ = ०. भागाकार क्ष² − ४क्ष + ४, म्हणजे (क्ष − २)². एकूण (क्ष + १)(क्ष − २)².

उत्तर २
आलेखात बहुतेकांची चूक क्ष = २ पाशी होते. तिथे मूळ दुहेरी आहे, त्यामुळे रेषा अक्षाला टेकून परत वर जाते, ओलांडत नाही. २ च्या जवळ (क्ष + १) जवळजवळ ३ असतो, म्हणून तेवढा भाग ३(क्ष − २)² या परवलयासारखाच काढा. क्ष = −१ पाशी मात्र अक्ष सरळ ओलांडायचा. क्ष³ चा सहगुणक धन, म्हणून रेषा डावीकडे खालून येते आणि उजवीकडे वर जाते. वळणांसाठी विकलज ३क्ष² − ६क्ष = ० घ्या: क्ष = ० आणि २, बिंदू (०, ४) आणि (२, ०).

प्रश्नकर्ता
शून्याची जागा लक्षात आली, आभार. तीन वेगळी मुळं असतील तर विकलज न काढता दोन मुळांच्या बरोबर मध्ये वळण धरलं तर चालेल का?

उत्तर ३
नाही. ते वर्ग बहुपदीत चालतं, इथे नाही. २क्ष³ − ३क्ष² − ११क्ष + ६ घ्या. मुळं −२, १/२, ३. मध्यबिंदू −०.७५ आणि १.७५, पण वळणं साधारण −०.९४ आणि १.९४ ला, म्हणजे बाहेरच्या मुळांकडे सरकलेली. मध्यावर भरवसा ठेवायचा तर तो तिन्ही मुळांच्या सरासरीवर ठेवा: दोन वळणं असतील तर ती तिच्यापासून समान अंतरावर असतात. इथे सरासरी १/२; तुमच्या उदाहरणात (−१ + २ + २)/३ = १, आणि वळणं ० व २.
याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. मुळं पाहून (क्ष − ३)(क्ष − १/२)(क्ष + २) लिहिलं तर सुरुवातीचा २ हरवतो. क्ष = ० घाला: ६ ऐवजी ३ येतात. बरोबर अवयव (क्ष − ३)(२क्ष − १)(क्ष + २). ही तपासणी दर वेळी कराच, एका ओळीचं काम आहे.

उत्तर ४
भागाकारात आलेल्या वर्ग बहुपदीचा विवेचक ऋण निघाला तर रेषा अक्षाला एकदाच छेदते, पण म्हणून वळणं नाहीत असं धरू नका. क्ष³ − ३क्ष + १८ = (क्ष + ३)(क्ष² − ३क्ष + ६) हिला (−१, २०) आणि (१, १६) अशी दोन वळणं आहेत, दोन्ही अक्षाच्या वर. याउलट क्ष³ + क्ष² + क्ष − ३ = (क्ष − १)(क्ष² + २क्ष + ३) हिला एकही नाही. सहगुणक क्रमाने अ, ब, क, ड धरले तर ब² − ३अक धन असेल तेव्हाच दोन वळणं मिळतात.