दल पुन्हा उभं राहिलं तेव्हा: स्वयंसेवी अग्निशामकांचे अनुभव

अमेरिकेतले बहुतेक फायरफायटर पगारी नसतात, हे मला इथे येऊन अकरा वर्षं झाली तरी ठाऊक नव्हतं. शेजारचा प्लंबर, शाळेच्या बसची ड्रायव्हर, बँकेतली बाई, पेजर वाजला की ही मंडळी हातातलं काम टाकून धावतात. १७३६ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने युनियन फायर कंपनी काढली, तेव्हा सभासद चामड्याच्या बादल्याही स्वतःच्या खर्चाने आणायचे. २०१९ मध्ये मी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या दलात भरती झाले.

हा धागा काढायचं कारण म्हणजे आमच्या ठाण्याला बसलेला तडाखा. अशा एखाद्या दलात तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी असेल, दल एकदा मोडून पडलं असेल, तर त्यानंतर काय झालं ते लिहा. जगात कुठलंही चालेल, आणि पुन्हा उभं राहिलं नसेल तरीही लिहा.

आधी माझं सांगते. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र. आयडा वादळाचा उरलेला पाऊस आमच्यावर कोसळला. त्या रात्री न्यू जर्सीत तीस माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीत अडकून. आम्ही रात्रभर गाड्यांच्या काचा फोडून माणसं काढत होतो. पहाटे परतलो तर ठाण्यात छातीएवढं पाणी. इंजिनं (आगीचे बंब) बाहेर होती म्हणून वाचली. आत राहिलेलं सगळं गेलं: हवेच्या बाटल्या भरायचा कॉम्प्रेसर, सुकायला टांगलेले होज (पाणी मारायचे पाइप), कपाटातले जादा सूट, आणि जुन्या हजेरीच्या वह्या. वह्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर सभासदाने ती वीट उचलून मांडीवर घेतली आणि तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

वस्तू परत आल्या. काही विम्यातून, काही देणगीतून, काही दुसऱ्या दलांच्या जुन्या सामानातून. माणसं मात्र गेली. नदीकाठची घरं राज्य सरकार ब्लू एकर्स योजनेतून विकत घेतं आणि पाडून जागा मोकळी ठेवतं. योजना चांगलीच आहे, पण त्या घरांत आमचे सभासद राहत होते. दीड वर्षात बारा जण गाव सोडून गेले. दुपारच्या कॉलला सहा जण यायचे, तिथे दोन यायला लागले. शेजारच्या गावाचं इंजिन वर्षभर आमच्या प्रत्येक कॉलला आमच्याबरोबरच निघत होतं. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही.

मग आम्ही इंजिन घेऊन गणपतीच्या मांडवात गेलो. मुलं चढली, उतरली, हेल्मेट घालून फोटो झाले. माझ्यासारख्या इतर बायकांनी एकच प्रश्न विचारला, 'आम्हाला घेतात?' त्या दिवशी चार अर्ज भरले गेले. त्यातल्या तिघी आज कॉलला येतात.

---

नाशिकहून, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत

मी अग्निशामक नाही, माझा मुलगा आहे. आयडाच्या पुरानंतर त्यांचं दल नगरपालिकेच्या मीठ ठेवायच्या शेडमध्ये होतं (बर्फात रस्त्यावर टाकतात ते मीठ). ना हीटर, ना बसायला जागा. मी रविवारी सकाळी पातेलंभर पोहे करून न्यायचे. पहिल्या दिवशी लिंबू पिळायचं कसं तेही दाखवावं लागलं. रात्री दोनला पेजर वाजला की मुलगा चपला हातात घेऊन जिना उतरतो, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागीच असते. तो परत आला की दाराचा आवाज ऐकते आणि मग झोपते.

---

सिडनीच्या नैर्ऋत्येकडून

इथे ब्रिगेड म्हणतात. न्यू साउथ वेल्सची रुरल फायर सर्व्हिस जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. २०१९-२० च्या उन्हाळ्यात आम्ही तीन महिने एकाच जळत्या जंगलाच्या कडेला उभे होतो असं वाटतं. १९ डिसेंबरच्या रात्री बक्स्टनजवळ झाड कोसळून ट्रक उलटला आणि दुसऱ्या एका ब्रिगेडचे दोन जवान गेले. दोघांनाही दोन वर्षांचीही न झालेली मुलं होती.

मी त्या ट्रकवर नव्हतो, ते माझ्या ब्रिगेडचेही नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी पाळीला ट्रकमध्ये चढताना पाय उचलेना. आमची कॅप्टन साठीची आहे. ती एवढंच म्हणाली, 'ज्याला आज घरी राहायचंय त्याने राहायचं, कारण सांगायचं नाही.' चार जण राहिले. त्यातले तिघे आठवड्याभरात परत आले. एक आला नाही, पण तो अजूनही दर महिन्याला पंप तपासून देतो, आणि त्याला आम्ही ब्रिगेडचाच मानतो.

फेब्रुवारीत पाऊस आला तेव्हा सगळे ठाण्याबाहेर भिजत उभे होतो. खरा त्रास मला त्यानंतर सुरू झाला. झोप नाही, धुराचा वास नसताना वास. सेवेची समुपदेशन यंत्रणा आहे, मी सहा महिने गेलो. इथल्या मराठी मित्रांना हे पहिल्यांदाच सांगतोय. त्यानंतर जुन्या ट्रकना केबिनवर पाण्याचे फवारे आणि आतून उष्णतारोधक पडदे बसवले गेले. ते पडदे खाली ओढायचा सराव आम्ही इतक्या वेळा केलाय की आता डोळे मिटूनही जमतो.

---

क्वीन्स, न्यू यॉर्क

थोडक्यात लिहितो. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या रात्री इथल्या किनाऱ्यावरच्या ब्रीझी पॉइंट वस्तीत शंभराहून जास्त घरं जळाली. तिथली स्वयंसेवी दलं स्वतः समुद्राच्या पाण्यात होती. आगीत कुणी दगावलं नाही. पाणी ओसरल्यावर मी तिथे औषधं वाटायला गेलो होतो. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की इंजिन वरून कितीही ठीक दिसलं तरी कामाचं राहत नाही, हे तिथल्या एकाने मला बॉनेट उघडून दाखवलं. वायरीवर हिरवट बुरशीसारखा थर होता.

---

पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागातून, मूळ सांगली

आमच्या दलाला ना आग लागली ना पूर आला. आमचे पैसे गेले.

आधी परिस्थिती सांगतो. पेनसिल्व्हेनियात सत्तरच्या दशकात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते, २०१८ च्या विधिमंडळ अहवालात अडतीस हजार. उरलेल्यांना आग विझवायची आणि त्यासाठी पैसेही उभे करायचे. आमच्याकडे चिकन बार्बेक्यू, शुक्रवारचा बिंगो (हाउझीसारखा खेळ), नाताळची झाडं विकणं, सगळं होतं. नवं इंजिन आता दहा लाख डॉलरच्या घरात जातं, आणि पैसे भरले तरी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. अर्धी कोंबडी आणि उकडलेला मका विकून हे जमवायचं.

आमच्या दलातल्या एका पदाधिकाऱ्याने काही वर्षं त्यातून पैसे काढले. रक्कम लिहीत नाही. उघड झालं तेव्हा गावाने बार्बेक्यूकडे पाठ फिरवली. सकाळी चारशे कोंबड्या भाजल्या आणि दुपारी तीनशे उरल्या. लोक गाडी हळू करायचे, फलक वाचायचे आणि पुढे जायचे. वीस-वीस वर्षं त्यांच्या दारात मध्यरात्री गेलेली माणसं हातात चिमटे घेऊन उभी होती. तो दिवस मी विसरू शकत नाही.

मी तेव्हा दलात नव्हतो. हिशेब तपासणं हा माझा पेशा. चीफ माझ्या दारात आला, टोपी हातात, म्हणाला, 'तुम्ही शिडी चढू नका. फक्त आमची वही सांभाळा.' मी तीन आठवडे विचार केला. बायको म्हणाली, गेल्या हिवाळ्यात आपल्या चिमणीत आग लागली तेव्हा कोण आलं होतं? विषय संपला.

पहिले आठ महिने फक्त जुने कागद लावले. मग नियम केले. चेकवर दोन सह्या, दोघं एका घरातले नकोत. बिंगोची रोकड तिघांनी एकाच टेबलावर मोजायची. दर महिन्याचा जमाखर्च ठाण्याच्या बाहेरच्या काचेत लावायचा, डिझेलच्या पावतीपर्यंत. काही जुने सभासद दुखावले. 'आमच्यावर विश्वास नाही का?' मी म्हणायचो, तुमच्यावर आहे, म्हणूनच तुमच्यावर कुणी बोट ठेवू नये. एक जण चिडून सोडून गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लोक काचेपाशी थांबायला लागले तो दुसरा उन्हाळा. एक म्हातारी रोज कुत्रा फिरवायला यायची, सगळा कागद वाचायची. एकदा तिने दार वाजवून विचारलं, 'मे महिन्यात होजवर एवढा खर्च का?' मी तिला आत नेऊन फाटलेला होज दाखवला. त्या शनिवारी ती सहा कोंबड्या घेऊन गेली. एकटी राहते, सहा कोंबड्यांचं काय केलं असेल कुणास ठाऊक.

नवं इंजिन अजून आलेलं नाही. नंबर लागलाय.

---

साताऱ्याजवळून

आमच्याकडे इंजिन नाही, पेजर नाही. डोंगरावर झाडं लावणारा गट आहे आमचा. सहा वर्षं वाढवलेली झाडं मार्चमधल्या एका वणव्यात रात्रीत गेली. पायथ्याला कुणीतरी गवत पेटवलं होतं. आम्ही निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी झोडपत होतो, वारा ऐकेना. सकाळी काळ्या मातीत ठिबकच्या नळ्या वितळून चिकटलेल्या. दोन महिने कुणी वर गेलंच नाही.

पावसाळ्यात गुराख्याचा पोरगा सांगत आला, खालून फुटवे आलेत. सगळ्यांना नाही, पण पळस, पांगारा, करवंद फुटलं होतं. आता आम्ही डिसेंबर संपायच्या आत जाळरेषा (आग अडवायला मोकळा पट्टा) काढतो, दर रविवारी गवत कापून. आणि ते गवत खालच्या गावातल्या गोठ्यांत फुकट पोचवतो. दोन वर्षं वणवा वर आलेला नाही.

---

एडिसन, न्यू जर्सी

सगळं वाचलं. वय ४६, गुडघा थोडा दुखतो, दिवसा घरून काम करतो. धागा काढणाऱ्या ताई, तुमच्या किंवा आमच्या जवळच्या दलात माझ्यासारख्याचं काही काम असेल का?

---

धागाकर्ती

दादा, दिवसा घरी असणारी माणसंच आम्हाला कमी पडतात. पंप चालवायला गुडघा फार लागत नाही, रेडिओवर बसायला तर अजिबात नाही. तुमच्या भागातल्या दलाचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. बहुतेक दलांचा सराव संध्याकाळी सातला असतो, बाजूच्या दाराने आत जा. येताना जाड मोजे घाला, बूट तिथेच मिळतील.