मदत हवी आहे: लिलियस एडीला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. वाचनगटासाठी स्कॉटलंडच्या लिलियस एडीवर लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय.

१७०४ साली फाइफमधल्या टॉरीबर्न गावात शेजारणीला जादूटोण्याने आजारी पाडल्याचा आरोप या म्हाताऱ्या बाईवर आला. चौकशीत तिने सैतानाशी संग केल्याची कबुली दिली, पण तिच्यासोबत जादूटोणा करणाऱ्या बाकीच्या बायकांची नावं विचारली तेव्हा त्यांचे चेहरे झाकलेले होते म्हणाली. मला तर वाटतं, तिने कितीतरी जणींना वाचवलं. शिक्षा होण्याआधीच ती कोठडीत वारली. पुरलं कुठे, तर भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या चिखलात, वर भलीमोठी दगडी शिळा. मेलेली बाई परत उठेल ही धास्ती! १९व्या शतकात लोकांनी हाडं उकरून नेली. पुढे कवटीही गहाळ झाली. कवटीच्या जुन्या फोटोंवरून २०१७ मध्ये डंडी विद्यापीठात तिचा चेहरा घडवला. सुरकुतलेला, मवाळ चेहरा, आपल्या आळीतल्या आजीसारखा. बघून डोळे भरून आले.

आता अडचण अशी, की 'चेटकीण' म्हटलं की मुलांच्या गोष्टीतली वाटते. 'डाकीण' म्हणावं, तर नंदुरबारकडे त्याच शब्दाने बायकांचे हाल झालेत. 'चेटकीण ठरवलेली' प्रत्येक वाक्यात लांबलचक होतं. तुम्ही काय वापराल?

आणि एडिनबराच्या आसपास कुणी राहत असेल तर ओहोटीच्या वेळी तिथे जाऊन शिळेचा फोटो पाठवाल का? फार उपकार होतील.