मदत हवी आहे: स्थितांबरातून (वातावरणाच्या वरच्या थरातून) खाली येणारा ओझोन वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या निरीक्षण केंद्राच्या (उंची सुमारे ३,५८० मीटर) ओझोन नोंदी घेतल्या आहेत. काही वर्षी वसंत ऋतूतला ओझोन इतर वर्षांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसतो, आणि त्यामागे फक्त प्रदूषण आहे हे मला पटत नाही.

२०१४ च्या एका अभ्यासात उपग्रहांच्या नोंदींवरून दिसलं होतं की एल निनो आणि विषुववृत्तावरच्या स्थितांबरातले साधारण २८ महिन्यांच्या चक्रात दिशा बदलणारे वारे यांमुळे स्थितांबराचं अभिसरण (तिथल्या हवेचं फिरणं) सुमारे ४० टक्क्यांनी कमीजास्त होतं, पण उत्तरेच्या मध्य अक्षांशांत तपांबरातला (जमिनीलगतच्या थरातला) ओझोन त्यामुळे जेमतेम २ टक्के हलतो. एवढासा फरक एकाच केंद्राच्या नोंदीत पकडायचा कसा, इथेच मी अडकले आहे.

स्थितांबरातून आलेली हवा ओळखायला कोरडी हवा, कमी कार्बन मोनॉक्साइड आणि जास्त ओझोन अशी चाळणी लावून पाहिली. बेरिलियम-७ (वैश्विक किरणांमुळे उंचावरच्या हवेत तयार होणारं किरणोत्सारी बेरिलियम) याचाही विचार केला, पण ते तपांबराच्या वरच्या भागातही तयार होतं, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. बेरिलियम-१० शी त्याचं गुणोत्तर कुणी वापरलंय का? आणि अभिसरणातल्या बदलाचा परिणाम खाली दिसायला किती महिन्यांचं अंतर धरावं? कृपया अनुभव सांगा.