मदत हवी आहे: नृत्यरचनेसाठी जागा आणि मार्गदर्शक (नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी कथक शिकवते. सध्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) दंडारीच्या, म्हणजे तिथल्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या, चालीवर एक रचना बांधतेय. तीनतालाच्या १६ मात्रांत ती बसवली की पाय चोख पडतात, पण दंडारीचा मोकळा झोक हरवतो. आरशासमोर एकटीनं हे सुटत नाही. जाणत्या माणसानं समोर बसून "इथे थांब, हे का केलंस?" असं विचारायला हवं.

दिल्लीच्या गती डान्स फोरमची उन्हाळी रेसिडेन्सी अशीच होती: नव्या रचनाकारांना काही आठवडे स्टुडिओ आणि सोबत मार्गदर्शक. नागपुरात तयार कार्यक्रमाला मंच मिळतो; अर्ध्या कच्च्या कामाला मात्र खोलीही मिळणं कठीण, आणि खरी गरज तिथेच असते.

सकाळी दोन-तीन तास मिळेल असा हॉल कुणाला माहीत आहे का? लाकडी फ्लोअर असेल तर उत्तम, टाइल्सवर तत्कार (कथकचं पदन्यासाचं काम) करून गुडघे भरून येतात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात यासाठी कुणाशी बोलावं? आणि भंडारा-गोंदियाकडचे जुने दंडार कलावंत ओळखीचे असतील तर नक्की सांगा. त्यांना मानधन देईन, हॉलचं भाडंही.