इंजिन तापतंय, मागून पाणी येतंय पण कमी. नेमकं कुठे अडलंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे एकाच दुखण्याच्या मागे आहे आणि आता काही सुचेनासं झालंय. सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बोट ३० फुटी, आत बसवलेलं चार सिलिंडरचं ४० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. इंजिनात कूलंट फिरतं. समुद्राचं पाणी हीट एक्सचेंजरमधून जाताना त्या कूलंटची उष्णता घेतं आणि पुढे एक्झॉस्ट एल्बोमध्ये (धुराच्या वाटेवरचा वाकडा नळ) धुरात मिसळून मागून बाहेर पडतं. पाण्याची वाट अशी: तळातला सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह), गाळणी, रबरी इंपेलरचा (पात्यांच्या फिरत्या चाकाचा) पंप, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, हीट एक्सचेंजर, एल्बो, मफलर.

९०० आरपीएमवर काटा ८० अंशांवर असतो, तासभर ठेवलं तरी हलत नाही. २२०० वर नेलं की दहा-बारा मिनिटांत ९५ च्या पार जातो आणि अलार्म वाजतो. वेग कमी केला की पाच मिनिटांत परत खाली. काटाच चुकत असेल म्हणून थर्मोस्टॅटच्या झाकणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तिथे ९४ दिसले. म्हणजे काटा खरं सांगतोय.

मागून पूर्वी पाणी भस्सकन फेकलं जायचं, आता नुसतं ओघळतं. सोबत पांढरी वाफ असते. एक्झॉस्टचा रबरी होज हाताला चटका देतो, पूर्वी त्यावर खुशाल हात ठेवता यायचा.

आतापर्यंत थर्मोस्टॅट बदलला (जुना नंतर गरम पाण्यात टाकून पाहिला, तो व्यवस्थित उघडत होता), कूलंट नवं भरलं, पट्टा ताणला, गाळणी साफ केली, इंपेलर नवा घातला. इंपेलरने थोडा फरक पडला, आधी आठ मिनिटांतच तापायचं. कूलंट कमी होत नाही, टाकीत बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ झालेलं नाही. त्यामुळे हेड गॅस्केटची शंका तूर्त बाजूला ठेवली आहे.

मागच्या फेरीत मुलं बोटीवर होती. वारा किनाऱ्याकडे ढकलत होता, खडक दिसत होते आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद करावं लागलं. नांगर टाकला, तो धरला, निभावलं. पण तो अर्धा तास डोक्यातून जात नाही. मला आता एकेक सुटा भाग बदलत बसायचं नाही, खरं कारण सापडायला हवं. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

एक प्रश्न आधी. जुना इंपेलर काढलात तेव्हा त्याची पाती मोजली होती का?

धागाकर्ता

हो काका, सहापैकी दोन नव्हती. झिजून पाण्याबरोबर बाहेर गेली असतील असं वाटलं.

प्रतिसाद

बाहेर जात नाहीत ती. पंपाच्या पुढे जी पहिली अरुंद जागा लागेल तिथे अडकून बसतात. तुमच्याकडे ती ऑइल कूलरचं तोंड, आणि त्यातून निसटलेले तुकडे एक्सचेंजरच्या टोकाशी. बारीक नळ्यांच्या तोंडावर रबराचा तुकडा आडवा बसला की हळू इंजिनला पुरेल एवढं पाणी जातं, जोर दिला की पुरत नाही. तुमची लक्षणं हुबेहूब तशी आहेत.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. सी-कॉक बंद करा आणि किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवा, म्हणजे कॉक उघडल्याशिवाय इंजिन चालू करण्याची चूक होणार नाही. मग ऑइल कूलरच्या दोन्ही बाजूंचे होज काढा, एक्सचेंजरची दोन्ही टोकांची झाकणं उघडा. तिथे झिंकचा अॅनोड (गंज स्वतःवर घेऊन बाकीचा धातू वाचवणारा तुकडा) असेल तर तोही बघा. झिजलेल्या झिंकचे तुकडे मोडून नळ्यांवर बसतात आणि ते रबरापेक्षा चिवट असतात. दोन्ही पात्यांचा हिशेब लागेपर्यंत थांबू नका.

प्रतिसाद

दादा, तळावर शेवाळ किंवा शिंपले धरलेत का? बोट जड चालत असेल तर इंजिनवर भार वाढतो आणि पाणी पुरेसं असूनही तापतं. पूर्ण थ्रॉटलला आधी जितके आरपीएम मिळायचे तितके आता मिळतात का?

धागाकर्ता

ताई, मिळतात. आधीही ३००० होते, आत्ताही तेवढेच. तळ आणि पंखा महिन्यापूर्वीच खरवडून घेतलाय. त्यामुळे भाराचा प्रश्न नसावा.

काका, तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. एक पातं अख्खं ऑइल कूलरच्या तोंडावर पानासारखं चिकटलं होतं. दुसऱ्याचे तीन तुकडे एक्सचेंजरच्या झाकणात मिळाले, सोबत झिंकचा चुरा. जवळपास एक तृतीयांश नळ्या बंद होत्या, उरलेल्यांत पांढरा थर. लाकडी काडीने सगळ्या मोकळ्या केल्या, मग झिंक काढून ठेवून सौम्य आम्लात भिजवून भरपूर पाण्याने धुतल्या. झाकणांच्या ओ-रिंग आणि झिंक नवं.

आता २२०० ला काटा ८८-९० वर थांबतो, अलार्म नाही. पण २६०० ला नेलं की परत चढायला लागतो. होज अजूनही गरमच आहे. म्हणजे बरंच सुधारलं, पण बरं झालं नाही. आता काय?

प्रतिसाद

आता पाणी मोजायचं. एवढ्या लांबच्या वाटेत जागा शोधायची तर वाट मधोमध तोडून बघावी लागते.

आधी बोट बांधलेली असताना ९०० ला ठेवा आणि मागून पडणारं पाणी मिनिटभर बादलीत धरा. मिनिटभरच, कारण ते गचके देत येतं, दहा सेकंदांचा अंदाज फसवतो. आकडा लिहून ठेवा.

मग ओढीची बाजू, म्हणजे पंपाच्या आधीची. पंपाकडे जाणारा होज गाळणीच्या पुढे सोडा आणि सी-कॉक हळूच उघडा. हाताशी लाकडी गुडदी ठेवा. पाणी जोरात उसळलं तर कॉक आणि गाळणी मोकळी आहेत. रडत-रडत आलं तर कॉकच्या तोंडात शिंपले आहेत. तो होज नीट दाबून बघा. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटतं आणि पंप ओढायला लागला की आतून मिटतं. बाहेरून होज नवाकोरा दिसतो आणि इंजिन बंद असताना पाणीही छान येतं, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. गाळणीच्या झाकणातून हवा शिरत असेल तर चालू असताना आत बुडबुडे दिसतील.

शेवटी दाबाची बाजू, म्हणजे पंपानंतरची. एल्बोला जाणारा पाण्याचा होज एल्बोपाशी काढून बादलीत सोडा आणि ९०० ला चालवा. वीस सेकंद, त्याच्यावर एक क्षणही नाही. तेवढा वेळ एक्झॉस्ट कोरडा असतो, पाण्याविना धूर थेट रबरी होजमध्ये आणि मफलरमध्ये जातो आणि ते जळतात. एकजण स्टॉपवर हात ठेवून उभा राहू दे. पंपाला पाणी मिळतंय याची मात्र खात्री करा, कोरड्या पंपात नवा इंपेलरही मिनिटभर टिकणार नाही.

जमलं तर थर्मामीटरने एक्सचेंजरमध्ये शिरणारं आणि बाहेर पडणारं समुद्राचं पाणीही बघा. पाणी कमी असेल तर ते आत फार वेळ रेंगाळतं आणि खूप तापून बाहेर येतं. पाणी भरपूर असूनही कूलंट गरम राहत असेल आणि समुद्राचं पाणी जेमतेम कोमट निघत असेल, तर नळ्यांवर अजून थर आहे.

धागाकर्ता

आज सकाळी सगळं मोजलं. भावाला स्टॉपवर उभं केलं होतं.

मागून मिनिटाला ६ लिटर. सी-कॉकमधून पाणी असं उसळलं की गुडदी लावताना दोघंही भिजलो. ओढीचा होज आतून ठणठणीत, गाळणीत बुडबुडा नाही. एक्सचेंजरमध्ये पाणी शिरताना २७ अंश, निघताना ५६ (हे २२०० वर). आणि एल्बोपाशी होज सोडल्यावर २० सेकंदांत पावणेचार लिटर, म्हणजे मिनिटाला ११ च्या वर!

मग एल्बो खोलला. पाणी जिथून धुरात मिसळतं ती वाट काजळी, गंज आणि मिठाच्या दगडासारख्या थराने भरली आहे. पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलंय. हे बघून खरंच हायसं वाटलं.

आता शेवटची विचारणा. हा एल्बो बिडाचा आहे. खरवडून परत बसवू का, की नवाच घालू?

प्रतिसाद

खरवडून पाणी वाहायला लागेल, पण पाण्याची वाट आणि धुराची वाट यांच्यामध्ये जी आतली भिंत असते ती बघा. गंज ती आतून खातो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून आणि हलक्या हातोडीने वाजवून बघा. टणटण वाजली तर साफ करून वापरा आणि दर वर्षी खोलून बघत जा. बद्द आवाज आला किंवा टोक रुतलं तर तो परत बसवू नका. ती भिंत फुटली की इंजिन बंद असताना पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि पुढच्या वेळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तापण्याचं दुखणं त्यापुढे काहीच नाही.

धागाकर्ता

काका, टोक रुतलं. दोन ठिकाणी. दुसऱ्या जागी तर आरपार गेलं.

नवा एल्बो काल बसवला, नव्या गॅस्केटसकट. मागून मिनिटाला ११ लिटर. खाडीच्या बाहेर २६०० ला सलग तास चालवला, काटा ८२. होजवर हात ठेवून उभा राहता येतं. ताई, काका, तुम्ही दोघांनी वेळ दिलात, मनापासून आभार. मुलांना रविवारी परत नेतोय.