नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घरातली प्रार्थना बंद पडलीय, काय करू?

उंबरठा
सगळ्यांना सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. मिस्टरांची नोकरी जाऊन सात महिने झाले. पैशाची ओढाताण आहेच, पण माझ्या पगारात कसंबसं भागतंय, ते निभावून नेता येईल, मला खरी भीती घराची वाटते. लग्न झाल्यापासून रात्री झोपायच्या आधी आम्ही एकत्र बसायचो, मिस्टर बायबलमधलं वचन वाचायचे, मुली एकेक वाक्य प्रार्थना करायच्या. ते हळूहळू सुटलं. आधी म्हणाले आज डोकं दुखतंय, मग म्हणाले तुम्ही करा, आता तर बरोबर त्या वेळेला आतल्या खोलीत फोन घेऊन बसतात. मंडळीतल्या एकांनी त्यांना उपासनेनंतर बायबलमधलं 1 तीमथ्य 5:8 ऐकवलं, घरच्यांची तरतूद न करणारा माणूस विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट म्हणून. तेव्हापासून चर्चलाही येत नाहीत. परवा धाकटी विचारते, "मम्मी, आपण रोज सांगतो तरी देवाला पप्पांचं कळत नाही का?" मला उत्तरच सुचलं नाही. यांना आग्रह करून बसवू का? की मीच चालू ठेवू? मी पुढाकार घेतला तर यांना अजून कमीपणा वाटेल का, हीच भीती आहे.

जुनी_वही
ताई, आधी त्या वचनाबद्दल बोलतो कारण ते भलत्याच माणसाला ऐकवलं गेलंय. 1 तीमथ्य 5 मधली 3 ते 16 वचनं सलग वाचा. विषय विधवांचा आहे. ज्या विधवेला मुलं-नातवंडं आहेत तिला त्यांनी सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतोय. म्हणजे करता येत असून हात वर करतात त्यांना ते बोललंय, काम शोधून शोधून थकलेल्या बापाला नाही. मिस्टरांना हे दाखवाच, त्यांच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलं असणार.

आता माझं. माझा धंदा बसला तेव्हा मी तुमच्या मिस्टरांच्या उलट केलं, प्रार्थना सोडली नाही पण तिचा वापर टोमणे मारायला केला. "प्रभु, माझ्या मुलाला आईबापाचे कष्ट कळू दे, त्याला अभ्यासाची बुद्धी दे", हे मोठ्याने, आणि तो शेजारीच बसलेला. एकदा मधेच माझे डोळे उघडले तर तो माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही, कधी संपतंय याची वाट बघत. तेव्हा कळलं की इतके दिवस मी देवाशी बोलतच नव्हतो. कलस्सैकरांस पत्रात 3:21 ला बापांनाच सांगितलंय की मुलांना चिडवू नका, ती खचून जातील. दुसऱ्या दिवशी मुलाची माफी मागितली आणि प्रार्थनेत एवढंच म्हणालो, प्रभु, मला भीती वाटतेय. बायको रडायला लागली, म्हणाली मला वाटत होतं घरात मी एकटीच घाबरलेय.

म्हणून आग्रह करून बसवू नका. आणि मुलींसोबत प्रार्थना करताना "पप्पांना बुद्धी दे" असलं काही त्यांच्या कानावर पडेल असं म्हणू नका, त्यांना लगेच कळतं.

गव्हाचा_दाणा
विश्वास कमी पडतोय ताई. घरात रोज प्रार्थना, आठवड्याला उपास, हे नेमाने केलं की संकट टिकत नाही. मिस्टरांना स्पष्ट सांगा.

तिघांची_आई
दादा, रागावू नका, उपास-प्रार्थना मीही करते, पण संकट टिकत नाही हे कुठे लिहिलंय? मत्तय 7 मध्ये येशूच्या दृष्टांतात खडकावरच्या घराला आणि वाळूवरच्या घराला पाऊस, पूर, वारा सगळं सारखंच लागतं. खडकावरच्याला सूट नाही मिळालेली, ते फक्त पडलं नाही. आधीच अपराधी वाटणाऱ्या माणसाला "तुझा विश्वास कमी" म्हटलं तर तो अजून आत आत जातो.

उंबरठाताई, एलीयाचं बघा, 1 राजे 19. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो आता मरण दे. देव त्याला रागावत नाही, झोपू देतो, दूत येऊन उठवतो आणि खायला देतो, तेही दोनदा. बोलणं नंतर. तुमचे मिस्टर नीट झोपतात का, जेवतात का, ते आधी बघा. खूप दिवस झोप नसेल, जगण्यात रस नाही असं काही बोलत असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही.

धाकटीला सांगा, मम्मीला पण माहीत नाही, आपण देवालाच विचारू. स्तोत्र 13 वाचा, सहाच वचनं आहेत, दावीद कुठवर, कुठवर असंच विचारतो. असं विचारलेलं देवाला चालतं हे लेकरांना लहानपणीच कळलं पाहिजे.

आणि पुढाकाराचं म्हणाल तर 2 तीमथ्य 1:5 बघा. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता असं पौल लिहितो, बाप तर ग्रीक होता. तुम्ही बसलात म्हणून त्यांची जागा जात नाही. ती रिकामी ठेवा, दार उघडं ठेवा.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, जुनी_वही दादांचं वाचून मी खूप रडले, कारण "पप्पांना उमेद दे प्रभु" हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे. काल दार उघडं ठेवून बसलो. मोठीने स्तोत्र 13 वाचलं. आतून व्हिडिओचा आवाज येत होता तो अर्ध्यात थांबला, पण हे बाहेर आले नाहीत, मीही हाक मारली नाही. सकाळी मुली शाळेत गेल्यावर म्हणाले, काल कुठलं स्तोत्र होतं ते? मी सांगितलं. 1 तीमथ्य 5 चा विषय यांच्याकडे अजून काढलेला नाही, घाई करत नाही. आज रात्री परत 13च वाचणार आहोत.